किटली गरम आहे, मी येतो

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, बाकी सगळीकडे ती चिंधी. डिझाइन कॉलेजात पहिल्याच महिन्यात हे नाव तिला चिकटलं आणि ते उगाच नाही. वर्गात कोणी कागद कापला की उरलेली पट्टी ती उचलणार, कोणी कापडाचा नमुना टाकून दिला की तो तिच्या खिशात जाणार. तिच्या पिशवीत वही शोधायला पाच मिनिटं लागत, पण सोनेरी कागदाचा नखाएवढा तुकडा मागा, लगेच हजर. ती आपल्या आत्याकडे राहायची. आत्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, आणि संध्याकाळी घरी आली की पुतणीच्या खोलीच्या दारातूनच सांगायची, या खोलीत मी पाय ठेवणार नाही, ठेवलेला पाय मला परत सापडायचा नाही.

इंटरनेटवरही चिंधीची तीच खोड. लोक बातम्या वाचतात, गाणी ऐकतात. ही कानाकोपऱ्यातून विचित्र पानं हुडकून आणायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कुणा माणसाने तीस वर्षांत पाहिलेल्या लिफ्टच्या बटणांचे फोटो लावले होते. एक बाई दर रविवारी आपल्या मांजराचं वजन करून आलेख काढायची, आणि मांजर गेल्यावरही तिने आलेखाची रेघ तशीच आडवी पुढे नेली होती. असलं काही सापडलं की चिंधी ते आपल्या पानावर टाकायची. पानाचं नाव अर्थातच ‘चिंध्या’. सोमवारी आणि गुरुवारी एकेक सापडलेली गोष्ट आणि खाली स्वतःच्या दिवसाचं चार ओळींचं रडगाणं. आज पुठ्ठ्याऐवजी बोट कापलं. आज प्रिंटरने माझं पोस्टर चावून परत दिलं. आज खोक्याचं झाकण तीन मिलिमीटरने बसलं नाही, आणि सर म्हणाले, छान आहे, पण कशासाठी?

हे सर म्हणजे अक्षररचना शिकवणारे. दर शुक्रवारी मुलांनी आपापलं काम भिंतीवर लावायचं आणि सरांनी एकेकापुढे उभं राहून त्याचे धिंडवडे काढायचे, असा रिवाज होता. मुलं त्याला पंचनामा म्हणत. चिंधीचं काम पंचनाम्यात हमखास ‘कशासाठी’ला येऊन अडकायचं. तिच्या पानावर मात्र तिला कोणी तो प्रश्न विचारत नसे. सव्वादोनशे लोक वाचायचे, त्यातले निम्मे ओळखीचे, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, कुठून शोधतेस गं हे.

तर एका रविवारी दुपारी ती सरांनी दिलेल्या कामासाठी जुन्या नकाशांवरची अक्षरं शोधत होती, आणि शोधता शोधता भलत्याच पानावर जाऊन पोचली. वर फक्त ‘आपलं घर’ एवढं लिहिलेलं. खाली एका साध्याशा घरातल्या वस्तूंचे फोटो, आणि प्रत्येकाखाली हाताने काढलेली मोठी काळी अक्षरं. अक्षरं अशी की चिंधी खुर्चीत सरळच बसली. सरळ, मोकळी, दोन अक्षरांमध्ये नेमकी जागा सोडलेली. आरेखनाच्या फळीवर आयुष्य घालवलेल्या हाताची. आणि मजकूर हा असा:

‘हे बाथरूमचं दार. दिवा डाव्या हाताला.’

‘ही किटली. गरम आहे, हात लावू नको. मी येतो.’

‘हा आरसा. आत दिसते ती तूच. छान दिसतेस.’

‘हा मी. दाढी केली आहे, म्हणून वेगळा दिसतो.’

अशा साठ-एक गोष्टी होत्या. अगदी शेवटी एक चौकोन होता, ‘मी दिसलो नाही तर इथे लिही.’ चौकोनाखाली मोडक्यातोडक्या ओळी: कुठे आहेस. हा डबा कुणाचा. मी खिडकीत आहे.

चिंधीने ते सगळं दोनदा वाचलं. हे कुणाचं तरी खरंखुरं आहे, असं तिला एकदा वाटलं. वाटलं नाही असं नाही. पण तिने इतक्या कलाकारांची इतकी सोंगं पाहिली होती, की हेही तसलंच असेल असं मानायला जड गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला ते इतकं आवडलं होतं, की ती शंका वाढवण्यात तिला रस नव्हता. सोमवारी सकाळी तिने दुवा टाकला आणि वर लिहिलं, ‘कुणीतरी आपल्याच घराशी नव्याने ओळख करून देतंय. या वर्षातली सगळ्यात वेडी आणि सगळ्यात सुंदर जागा. चौकोनात काहीतरी लिहून या.’

हे शेवटचं वाक्य तिने का लिहिलं, ते तिला पुढे कितीही आठवून सांगता आलं नाही. पानाच्या मालकाला बरं वाटेल, एवढंच बहुधा डोक्यात होतं.

आधी नेहमीचे सव्वादोनशे जाऊन आले. मग त्यांच्यापैकी कुणीतरी ते एका मोठ्या माणसाला पाठवलं, मोठा म्हणजे जो नुसता खोकला तरी लाखभर लोक वळून बघतात असला. त्याने ते पुढे टाकलं आणि बुधवारपर्यंत जिकडेतिकडे तेच झालं. लोकांनी त्याची नक्कल सुरू केली. कुणी आपल्या साहेबाचा फोटो लावून खाली लिहिलं, ‘हा साहेब. गरम आहे, हात लावू नको.’ कुणी आपल्या सासूचा लावला. बसस्टॉपवर चिंधीच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन अनोळखी मुली फोनवर तेच बघून हसत होत्या, आणि हिला आतून गुदगुल्या होत होत्या, की हे मी आणलं. ‘चिंध्या’चे वाचक अकरा हजारांवर गेले. स्वर्ग दोन बोटं उरला, दुसरं काय.

शुक्रवारी पंचनाम्याच्या वेळी सरांनी तिचं काम बाजूला ठेवलं आणि प्रोजेक्टरने भिंतीवर त्या पानाचं चित्र पाडलं. अर्धा तास ते त्या अक्षरांवर बोलले. शेवटी म्हणाले, की काम येणं एक आणि नजर असणं एक, आणि या मुलीला नजर आहे. वर्गात तिच्या बाजूला बसणारा मुलगा होता, सगळे त्याला गोंद म्हणायचे, कारण एकदा चिकटला की सुटायचा नाही. त्याने तर ‘मी येतो’ची स्टिकरं छापून आणली होती. संध्याकाळपर्यंत कॉलेजातल्या प्रत्येक पाण्याच्या बाटलीवर ती अक्षरं झळकत होती. चिंधीनेही एक लावून घेतलं.

शनिवारी सकाळी पान उघडेना. तिथे राखाडी पट्टीवर एवढंच, की ही जागा बंद आहे. गर्दी झाली असेल, असं चिंधीला वाटलं. दुपारी तिला एक पत्र आलं.

पत्र लहान होतं. लिहिणारा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला आरेखक होता. त्याने लिहिलं होतं, की माझ्या हाताखाली काम केलेल्या एका मुलीने ते पान मला करून दिलं होतं. तिनेच शोधून सांगितलं की लोक तुमच्याकडून यायला लागले. ते पान माझ्या बायकोसाठी आहे. तिला आठवत नाही. सकाळी उठली की ती टॅबलेट घेऊन खुर्चीत बसते, सगळं घर त्यात एकदा बघते, आणि मग उठून चालायला लागते. तीन वर्षं असं बरं चाललं होतं. गेल्या मंगळवारपासून चौकोनात अनोळखी लोकांचं लिहिलेलं यायला लागलं. मला ते पुसता येत नाही, मला फक्त फोटो चढवता येतात. कुणीतरी गमतीने लिहिलं, मी तुमच्या बाथरूममध्ये आहे. तेव्हापासून ती बाथरूममध्ये जात नाही. म्हणून काल त्या मुलीला सांगून पान बंद केलं. तर आता ती विचारते, घर बंद झालं का. तुम्ही वाईट हेतूने केलं नसेल. पण तुम्हाला ते मागे घेता येईल का?

चिंधीने पहिल्या मिनिटाला आपलं लिखाण पुसलं. दुसऱ्या मिनिटाला लक्षात आलं की पुसून काही होत नाही, कारण आता ते तिच्याकडे नव्हतंच. मूळ पान बंद होतं, पण त्याच्या नकला पन्नास ठिकाणी होत्या. तिने त्या मोठ्या माणसाला लिहिलं. उत्तर आलं नाही. नक्कल करणाऱ्यांना एकेकाला लिहिलं. काहींनी काढून टाकलं. काहींनी समजावलं, की अगं कौतुकच चाललंय, त्यात एवढं काय. एकाने तर तिचं पत्रच सगळ्यांना दाखवलं, आता या गोष्टीमागची रडवणारी गोष्ट बघा म्हणून, आणि त्यावर पुन्हा हजारो लोक रडले. तिने मग लिहिणंच थांबवलं. बोलावं तर वाढतं, गप्प बसावं तर तसंच राहतं.

गोंदने मात्र ऐकल्या ऐकल्या स्टिकरांचा गठ्ठा कात्रीने कापला. पण छापायची फाइल त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकली होती, आणि तिथून ती कुठे कुठे गेली ते त्यालाही माहीत नव्हतं. “मला काय माहीत होतं,” असं तो दोन-तीनदा म्हणाला. चिंधीला त्याचा राग आला नाही, कारण हेच वाक्य तिच्याही तोंडात होतं आणि तिचं तर अर्धं खोटं होतं.

आत्याला तिने रविवारी सांगितलं. आत्या गाजरं किसत होती. तिने किसता किसता सगळं ऐकून घेतलं.

“रागव तरी,” चिंधी म्हणाली.

“रागावून त्या बाईला काय मिळणार आहे?” आत्या म्हणाली. “जा, जाऊन ये त्यांच्याकडे. रडायला जाऊ नकोस मात्र. काहीतरी करायला जा.”

करण्यासारखं काहीतरी होतं, असं चिंधीला खरंच वाटत होतं. पान बनवणाऱ्या मुलीकडून तिने सगळे फोटो मागून घेतले. मग दोन दिवस कॉलेजात बसून तिने तसंच पान पुन्हा उभं केलं, पण असं की ते इंटरनेटवर नसेलच. फक्त त्या एका टॅबलेटच्या पोटात राहील, बाहेरून त्यात कुणी येऊ शकणार नाही. चौकोन काढून टाकला. अक्षरांना हात लावला नाही. हे काम कुणी भिंतीवर लावलं असतं तर ‘कशासाठी’ हा प्रश्न कुणाला विचारता आला नसता.

बुधवारी दुपारी ती पत्र लिहिणाऱ्या काकांना कळवून त्यांच्या घरी गेली. तिसरा मजला, आवरलेलं घर. दार उघडलं ते काकांनी. सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेन्सिली. घरात शिरताच चिंधीला कसंसंच झालं, कारण हे घर तिला पाठ होतं. ती किटली, ती खिडकी, तो डबा. पाहुण्याने जे माहीत असायला नको ते सगळं तिला माहीत होतं. बाथरूमचं दार सताड उघडं होतं आणि ते मिटू नये म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवली होती.

ती माफीचं बोलायला लागली तेव्हा काकांनी हाताने थांबवलं. म्हणाले, की ते झालं, आता काय आणलंय ते दाखवा. तिने टॅबलेट मागितला. तो कपाटात होता, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. काकांनी सांगितलं, की बायकोच गुंडाळून ठेवते. आत माणसं आहेत, त्यांना थंडी वाजेल म्हणते, आणि पुन्हा बाहेर काढू देत नाही.

चिंधीने पान चढवलं. पाच मिनिटांचं काम. सगळं जसंच्या तसं उघडलं. काकांनी बोटाने एकेक वस्तू सरकवून पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, सुरेख झालंय. मग ते आतून काकूंना घेऊन आले.

काकू उंच होत्या, केस नीट विंचरलेले. त्या खुर्चीत बसल्या. काकांनी टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, त्या चिंधीकडे बघत होत्या. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी अगदी सभ्यपणे, घरी आलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं.

“बाथरूममधल्या तुम्हीच का?”

चिंधीला नाही म्हणवेना. हो म्हणणं शक्यच नव्हतं. ती काकांकडे बघायला लागली, काका टॅबलेटकडे.

“नाही गं,” शेवटी काकाच म्हणाले, “ही आपल्या ऑफिसातल्या मुलींसारखीच आहे. अक्षरं शिकते.”

“बरं,” काकू म्हणाल्या. “मग त्यांना सांग, आता घरी जा म्हणावं सगळ्यांनी. खूप दिवस झाले.”

त्यांनी टॉवेल उचलला, टॅबलेटवर घातला, आणि लहान मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा चारी बाजूंनी खोचला.

चिंधी आणखी दोनदा गेली. दुसऱ्या वेळी तिने त्याच मजकुराची कार्डं छापून नेली होती, चकाकणार नाहीत अशा जाड कागदावर, प्रत्येक वस्तूला लावायला. कार्डं लावली. पण कार्ड वाचायचं तर आधी त्या वस्तूपाशी जायला हवं, आणि काकू खुर्चीतून उठायच्याच नाहीत. बसल्या जागी सगळं घर एकदा बघून घेणं, हीच त्या पानाची करामत होती, आणि ती कागदाला जमणारी नव्हती. हे चिंधीला कार्डं लावून झाल्यावर कळलं. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षात असून आधी कळलं नाही, याची तिला इतकी लाज वाटली की ती किटलीवरचं कार्ड उगाचच पुन्हा पुन्हा दाबत उभी राहिली. काकांनी तिला पाणी दिलं. म्हणाले, की हरकत नाही, हल्ली सकाळी मीच हाताला धरून फिरवतो आणि सांगतो. एकदा फिरून होईपर्यंत दहा वाजतात. मग ती विचारते, आणि मग पुन्हा फिरतो.

तिसऱ्या वेळी काका दारातच भेटले. आत चला म्हणाले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, कानोसा घेता येईल एवढी फट ठेवून.

“राग नाही माझा,” ते म्हणाले. “पण तुम्ही येऊन गेलात की ती दोन दिवस बसत नाही कुठे. नवीन माणूस दिसलं की तिला वाटतं, अजून गेले नाहीत. तेव्हा आता येऊ नका.”

“काका, मला काहीच करता येणार नाही का?”

त्यांनी खरोखर विचार केला. प्रश्नाचं उत्तर द्यायचंच अशा माणसासारखा.

“मला नाही सुचत काही,” ते म्हणाले. “सुचलं तर कळवीन.”

आतून हाक आली आणि ते गेले.

चिंधी त्या दिवशी तशीच कॉलेजात गेली. औषधाच्या बाटलीचं बूच, जे म्हाताऱ्या हातांना उघडेल आणि पोरांना उघडणार नाही, असं काम पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं. ती कार्यशाळेत बसून लाकडाचा साचा घासत राहिली. ‘चिंध्या’वर सोमवार गेला, गुरुवार गेला. अकरा हजारांतल्या काहींनी विचारलं, आज काही नाही का. एकाने कुठलं तरी विचित्र पान तिलाच पाठवलं, हे टाक म्हणून. एका माणसाने आपल्या गच्चीवरून रोज सायंकाळी एकाच झाडाचा फोटो काढला होता. चांगलं होतं. एरवी तिने उडी मारली असती. तिने ते शेवटपर्यंत पाहिलं, तो माणूस कोण असेल, झाड कुणाला दाखवत असेल, याचा विचार केला आणि बंद केलं. मग आपलं ‘चिंध्या’ हे पानच पुसून टाकावं असं मनात आलं, पण तेही जमेना. पुसण्याने काय होतं ते तिने पाहिलं होतं.

सरांनी एकदा विचारलं, की नवीन काही सापडलं का. ती नाही म्हणाली. सर म्हणाले, घाई नको, नजर कुठे जात नाही.

दोन महिन्यांनी काकांचं पत्र आलं. त्यांना काही सुचलं असेल या आशेने तिने ते जिन्यातच उघडलं. सुचलेलं काही नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, की तुम्ही वाट बघत असाल म्हणून कळवतो. प्रकृती बरी आहे. जेवण ठीक. आम्ही दोघं एकाच ऑफिसात शेजारच्या टेबलांवर होतो, मी नकाशे आखायचो आणि ती गिरवायची, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करते. आमच्या घरात ते कुणाला आवडायचं नाही. गेल्या आठवड्यापासून ती मला तुम्ही म्हणायला लागली आहे. डॉक्टर म्हणतात, हे व्हायचंच होतं, त्या प्रकाराचा आणि याचा संबंध नाही. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हेच सांगायला लिहिलं.

चिंधीने ते पत्र आत्याला वाचून दाखवलं. डॉक्टर खरंच तसं म्हणाले असतील, की काकांनी तिच्यासाठी म्हणून लिहिलं असेल, असं तिने विचारलं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसला, दिवसभर दुसऱ्यांची भिंगं पुसून आलेली असूनही.

“हे तुला कधीच कळायचं नाही,” आत्या म्हणाली. “उत्तर लिही त्यांना. बरं वाटलं म्हणून लिही.”

चिंधी लिहायला बसली. ‘काका, पत्र मिळालं,’ इथपर्यंत झालं. पुढचं वाक्य तिने चारदा लिहिलं आणि चारही वेळा ते तिला आपल्याच सोयीचं वाटलं. जेवायची वेळ झाली तरी ती तिथेच बसलेली पाहून आत्या दारात आली, एकदा खोलीभर नजर फिरवली, आणि जमिनीवरचे कागद पायाने बाजूला सारत आत येऊन तिच्याशेजारी बसली.